विरजण, पेंड आणि 55 पौंडांचं पोतं

सेल लागला की माझी अक्कल चरायला जाते. घरी बिअर करायला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. एका खेपेला पाच गॅलन बिअर आणि तिला दहा-अकरा पौंड माल्ट, म्हणजे बिअरचं धान्य, एवढाच आमचा संसार. तरी मी 55 पौंडांचं पोतं उचललं. दुकानदार म्हणाला, भरडून हवंय का? फुकट होतं. म्हटलं, दे भरडून.

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी 1978मध्ये सही केलेल्या कायद्यानुसार अमेरिकेत दोन मोठ्या माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत बिअर करता येते. पोत्यावर मात्र मर्यादा नाही. ती असती तर वाचलो असतो.

दोन महिन्यांनी सोलापूरहून आई आली. शिकागोजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये, जुलैच्या चिकचिकीत, तिने पोत्यात हात घातला.

"जव ना रे हे? मोड आणून वाळवलेत."

आयुष्यभर नाचणीचं सत्त्व केलेल्या बाईपासून माल्ट काय लपणार! "हो, सत्त्वासारखंच काहीतरी," मी पुटपुटलो.

"भरडून किती दिवस झाले?"

"दोन महिने."

तिने चार दाणे दाढेखाली धरले. माल्ट कसं कुडुम वाजायला हवं. हे गपचूप दबलं.

"सादळलंय. अरे, ज्वारी वर्षभर राहते, पण पिठाची पंधरा दिवसांत विरी जाते. एवढं कळत नाही?"

नेमकं हेच मी तीन आठवडे वाचून शिकलो होतो. अख्खं माल्ट गार, कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर सहज राहतं; भरडलं की टरफल फुटतं, हवा आणि ओल आत शिरते आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची रया जाते. फक्त हे ज्ञान मला पोतं घरी आणल्यानंतर प्राप्त झालं. तेवढ्यात पोत्याच्या शिवणीतून एक सोंडा शांतपणे बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर जुनी चादर, तिच्यावर माझं माल्ट आणि राखणीला आई. तरी निम्मं खारींनी नेलं.

हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, कथा आणखी वाईट. त्यांना फ्रीजरच लागतो, तोही पिशवीतली हवा काढून. उबेत आणि हवेत राहिले की कडवटपणा देणारी आम्लं उतरत जातात आणि वास सुटतो जुन्या चीजचा. पण आमच्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि बायकोचे उकडीचे मोदक यांचं बहुमत. हॉप्स ओट्याखालच्या कपाटात गेले. पुढे आठवडाभर घरात कुबट वास येत होता आणि फुटबॉलचे बूट धूत नाही म्हणून मुलगा रोज बोलणी खात होता. शेवटी आईने पिशवी शोधली. आत हिरवट, दाबलेल्या गोळ्या.

"ही पेंड ना रे? मग म्हैस कुठंय?"

बेल्जियममध्ये लॅम्बिक नावाच्या बिअरसाठी हॉप्स मुद्दाम काही वर्षं जुने करतात, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं. "मग तिकडेच नेऊन ठेव," ती म्हणाली. मुलाची माफी अजून कोणी मागितलेली नाही.

या प्रकरणानंतर मला फ्रीजरचा अर्धा कप्पा मिळाला. विजयाच्या धुंदीत मी हॉप्सबरोबर यीस्टची ओली पुडीही तिथेच कोंबली. जितकं गार तितकं टिकेल! आईने ती दगड झालेली पुडी बाहेर काढली आणि हे काय, म्हणून विचारलं. म्हटलं, विरजणासारखं असतं.

"आणि विरजण बर्फात घातलंस?"

यीस्टच्या पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. जागा फ्रीजची, फ्रीजरची नव्हे. आणि तिथेही ओलं यीस्ट महिन्यागणिक अशक्त होत जातं. दुसरी पुडी आणली. तिच्यावरची तारीख चार महिने जुनी.

"सगळ्या दुधात ओतू नकोस. आधी वाटीभर लावून बघ," आई म्हणाली.

पुस्तकात याला स्टार्टर म्हणतात. दोन चमचे माल्टची पावडर पाण्यात उकळली, कोमट होऊ दिली, यीस्ट घातलं, बरणीवर फडकं टाकलं. रात्री पाणी प्यायला उठलो, तर आई चष्मा लावून बरणीपाशी उभी. वर बोटभर फेस.

"लागलं," ती म्हणाली. मग फडकं नीट करत, "पण हे सत्त्व पोरांना देऊ नकोस हो."