चेरीची सरबराई

काही झाडं खड्ड्यात लावली, पाणी घातलं की मुकाट्याने वाढतात. गोड चेरी त्यातली नव्हे. तिला हिवाळ्यात 7 अंशांच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी हवी, आणि बऱ्याच जातींना ती निदान 700-800 तास तरी हवी. कमी पडली की फुलोरा धड येत नाही. बरं, इतकी थंडी मागणाऱ्या या बाईंची फुलं उमलली आणि पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला, की लगेच करपायला लागतात! अशा रात्री घरातल्या चादरी झाडावर असतात आणि मी स्वेटर घालून झोपतो.

रोप घ्यायला गेलो तेव्हा नर्सरीवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "याला जोडी कुठली?" बहुतेक गोड चेरींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. तोही वाटेल तो नाही. मला हवी होती 'बिंग', 1875 सालची जुनी, नावाजलेली जात. शेजारच्यांकडे 'लँबर्ट' होतं, म्हटलं घरच्या घरी काम झालं. पण बिंग, लँबर्ट आणि नेपोलियन या तिघांची आपसात पत्रिकाच जुळत नाही. मधमाशांनी दिवसभर कितीही हेलपाटे घातले तरी फळ शून्य. शेवटी 'स्टेला' आणली. 1968 साली कॅनडातून आलेली ही जात आपल्या आपण फळते, वर बिंगलाही पराग पुरवते. सगळ्या प्रकरणात समजूतदार अशी ही एकटीच.

लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा आणि मुळाशी पाणी तुंबू द्यायचं नाही, एवढं पाळलं की झालं. छाटणी मात्र उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. गारठ्यात, ओल्या हवेत कापलं तर जखमेतून रोग शिरतो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मात्र हिवाळ्यातच कात्री सुचते. मी चहा देतो आणि कात्री लपवतो.

खरी परीक्षा फळं पिकत आल्यावर. लालबुंद चेरीवर पाऊस पडला की ती सालीतून पाणी पिते, फुगते आणि देठाशी टचकन तडकते. मोठे बागायतदार म्हणे पावसानंतर बागेवरून हेलिकॉप्टर फिरवतात, पंख्याच्या वाऱ्याने फळांवरचं पाणी उडवायला. आमच्याकडे मीच. पाऊस थांबला रे थांबला की पळत जाऊन एकेक फांदी हलवतो. फळं कोरडी होतात की नाही देव जाणे, पण वरचं सगळं पाणी माझ्या मानेतून थेट पाठीवर उतरतं. "अहो, झाडाशी कुस्ती कसली खेळताय?" ही खिडकीतून विचारते. मी उत्तर देत नाही. तोंडात पाणी जातं.

लवकर तोडून घरात पिकवू म्हणावं, तर चेरी तोडल्यावर गोड होत नाही. झाडावरच राहू द्यावी लागते आणि ही गोष्ट पक्ष्यांना आपल्याआधी ठाऊक असते. म्हणून जाळी. अख्ख्या झाडावर, खाली जमिनीपर्यंत, एकही फट न ठेवता. ती घालायला दोन माणसं आणि भरपूर सोशीक स्वभाव लागतो. आमच्याकडे दोन माणसं आहेत.

आता तोडणीच्या दिवसांत मी जाळीच्या आत असतो आणि पक्षी कुंपणावर ओळीने बसून बघत असतात. परवा शेजारची धाकटी पोरगीही त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ निरखून म्हणाली, "काका, तुम्हाला खायला घातलं तर चालतं का?"