चौपट पिक्सेल, पण जागा चौपट नाही
"२७ इंचांचा ४के मॉनिटर घेतला की फुल एचडीच्या चौपट मजकूर मावतो" हे मॉनिटर खरेदीच्या सल्ल्यातलं वाक्य खटकलं. पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) चौपट, हे खरं: फुल एचडी १९२० × १०८०, ४के ३८४० × २१६०. पण २७ इंचांवर ४के म्हणजे इंचाला सुमारे १६३ पिक्सेल. विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १०० टक्के ठेवलं तर मेनूची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून बहुतेकजण १५० टक्के करतात. ३८४० भागिले १.५ म्हणजे २५६०. थोडक्यात, जागा २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०) मॉनिटरएवढीच मिळते, फक्त अक्षरं जास्त रेखीव दिसतात. दिवसभर मराठी वाचणाऱ्याला तेही कमी नाही म्हणा, जोडाक्षरं आणि रफार स्वच्छ दिसतात. एक्सेलचे जास्त रकाने हवे असतील तर ३२ इंची ४के घेऊन स्केलिंग १२५ टक्के ठेवा, ३०७२ × १७२८ एवढी जागा मिळते.

आणि त्या सल्ल्यात केबल आणि पोर्टचा उल्लेखच नाही! जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ पोर्ट (मॉनिटर जोडायची खाच) ४केला ३० हर्ट्झच देतो, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलतं, माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दोष मॉनिटरला लागतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (तशीच दुसरी जोडणी) लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही बाजूंना हवं. खरेदीआधी लॅपटॉपचा पोर्ट तपासा.