'नुसता उभा राहून शॉट' म्हणे!
गोल्डन स्टेट वॉरियर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघातला क्ले थॉम्पसन नुसता कोपऱ्यात उभा राहून सहकारी स्टीफन करीच्या पासवर शॉट मारायचा, हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. २०१६ मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने २९ मिनिटांत ६० पॉइंट केले, आणि ड्रिबल, म्हणजे बॉलचे जमिनीवर टप्पे किती, तर अख्ख्या मॅचमध्ये ११! म्हणजे बॉल हातात नसताना स्क्रीनमागून (बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभ्या सहकाऱ्यामागून) सतत पळून जागा काढणं, हेच तर खरं काम. कॉलेजात मी गार्ड खेळायचो, त्या पळापळीने दुसऱ्या क्वार्टरलाच जीभ बाहेर यायची.

आणि २०१९ च्या एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फायनलचं लेखात एक अक्षर नाही? गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं, ड्रेसिंग रूमकडे निघालेला माणूस परत येऊन दोन्ही फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) टाकून गेला, तेही करीनेच टाकले का?