काटा 90 वर ठेवा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

माझ्या भाचीला नुकतंच लायसन्स मिळालं, आणि लगेच भावोजींनी तिला तो फिरता मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय: स्पीडोमीटर कायम 10 टक्के जास्त दाखवतो, म्हणून 80 च्या रस्त्यावर काटा 90 वर ठेवला तरी चलान येत नाही, टायर कुठलेही असोत, फरक पडत नाही, खात्री हवी तर मोबाइलचा जीपीएस लावा, आणि चलान आलंच तर मीटर चुकतो म्हणून सांगा, ते चलान कोर्टात टिकत नाही. नवशिक्या पोरीला हे सांगायचं? मला राहवेना.

मीटर सहसा थोडं जास्त दाखवतो, एवढं खरं आहे. अनेक देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. 39 म्हणतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक ताशी 4 किमी एवढंच. म्हणजे गाडी खरोखर 80 ने जात असेल तर काटा 80 ते 92 मध्ये कुठेही असू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने वरच्या टोकाजवळचा आकडा उचलला आणि सगळ्यांच्या गाड्यांना चिकटवला. तुमचा मीटर काटेकोर असेल तर सी लिंकवर 90 म्हणजे 90च.

सगळ्यात घातक आहे ते टायरचं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे टायरच्या घेरावर ठरतं. 185/65 आर 15 चा टायर (म्हणजे 185 मिमी रुंद, उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची) काढून दिसायला बरा म्हणून त्याच रिमवर 205/65 घातला, तर घेर सुमारे 4 टक्के वाढतो. काटा तोच, गाडी मात्र जास्त वेगात. कंपनीने ठेवलेली सूट तिथेच संपू शकते. आकार तोच ठेवला तरी झिजलेल्या टायरचा घेर लहान असतो, मीटर जास्त दाखवतो; नवे टायर बसवले की त्याच काट्यावर गाडी आधीपेक्षा जोरात पळते. आणि 80 च्या जागी 90 म्हणजे ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वापटीहून जास्त. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर!

जीपीएस मोकळ्या रस्त्यावर, एकसारख्या वेगात चांगला आकडा देतो, नाकारत नाही. पण कोस्टल रोडच्या बोगद्यात, जिथे मर्यादा 60 ची आहे, उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. आणि चालवता चालवता मोबाइलकडे बघायचं कुणी?

राहिलं कोर्टाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 183 एवढंच म्हणतं की एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, त्यामागे यंत्राचं मोजमाप लागतं. कॅमेरा हे तेच यंत्र. तो तुमचा काटा बघत नाही, रस्त्यावरचा वेग मोजतो. तुमचा मीटर खरंच जास्त दाखवत असेल आणि कॅमेऱ्याने 92 पकडले असतील, तर तुमच्या काट्यावर त्याहून जास्त दिसत होते. मग मीटरने फसवलं, हे न्यायाधीशांना सांगणार कसं?