लॉर्ड डफरिन काँग्रेसचा जनक नव्हता

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने रत्नागिरीहून आपल्या स्पर्धा परीक्षेच्या टिपणवहीतल्या एका पानाचे छायाचित्र मला पाठवले. 'आधुनिक भारत' या मथळ्याखाली त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'राष्ट्रीय सभेचा खरा संस्थापक – लॉर्ड डफरिन, आयरिश सरदार.' खाली लाल शाईने दुहेरी रेघ मारली होती. हे कुठून घेतलेस, असे विचारल्यावर त्याने व्हॉट्सॲपवरचा एक लांबलचक संदेश पुढे धाडला. तो संदेश दोन महिन्यांत चौथ्यांदा माझ्याकडे आला होता. आधीच्या तीन वेळी मी तो न वाचताच पुसून टाकला. आता तो परीक्षेच्या वहीत जाऊन बसला आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

संदेशाचा आशय थोडक्यात असा आहे. डफरिन आयरिश असल्यामुळे त्याला पारतंत्र्याचे दुःख ठाऊक होते आणि इंग्रजांविषयी त्याच्या मनात राग होता. म्हणून व्हाइसरॉय होताच त्याने निवृत्त ब्रिटिश सनदी अधिकारी ॲलन ह्यूमला सिमल्याला बोलावून काँग्रेस काढायचा हुकूम दिला. ब्रह्मदेशच्या लुटीतून त्याने आयर्लंडमध्ये आपल्या आईच्या नावाने मनोरा बांधला. पुढे पॅरिसमध्ये एका भुताने त्याचा जीव वाचवला. आणि त्याच्या बायकोच्या नावाचे दवाखाने हे धर्मांतराचे अड्डे होते. या पाचांपैकी एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. दोन विधानांत खऱ्याचा अंश आहे, तो जागच्या जागी मान्य करीन.

सगळा घोळ 'आयरिश' या एका शब्दापासून सुरू होतो. आयर्लंड म्हटले की मराठी वाचकाला होमरूल आठवते, टिळक आणि ॲनी बेझंट आठवतात, आणि आयरिश माणूस म्हणजे आपल्यासारखाच इंग्रजी सत्तेखाली भरडलेला माणूस असे मनात पक्के बसलेले असते. डफरिनला हा समज लागू करणे म्हणजे जमीनदाराला कुळांचा पुढारी म्हणण्यासारखे आहे. त्याचे ब्लॅकवुड घराणे मूळचे स्कॉटलंडचे. उत्तर आयर्लंडातल्या डाऊन परगण्यात येऊन त्यांनी जमिनी मिळवल्या. ही मंडळी धर्माने प्रॉटेस्टंट होती, त्यांचे शिक्षण इंग्लंडात होई आणि त्यांची निष्ठा लंडनच्या राजमुकुटावर असे. अशा घराण्यांना अँग्लो-आयरिश म्हणतात, आणि त्या देशातल्या बहुसंख्य कॅथलिक प्रजेच्या दृष्टीने ती सत्ताधारी घराणी होती.

या घराण्याला बॅरनची वंशपरंपरागत पदवी कशी मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. १८०० साली आयर्लंडची स्वतंत्र संसद मोडून तो देश ब्रिटनमध्ये विलीन करण्याचा कायदा झाला. सर जॉन ब्लॅकवुड विलीनीकरणाच्या विरोधात होता, आणि विरोधी मत द्यायला डब्लिनला निघण्यासाठी बूट चढवत असतानाच त्याला मृत्यू आला, अशी कथा त्या घराण्यात सांगतात. त्याच्या मुलाने मात्र विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले आणि सर जॉनच्या विधवेला, डॉर्कसला, बॅरोनेस डफरिन ही पदवी मिळाली. म्हणजे ज्या पदवीमुळे आपल्या संदेशकर्त्याला डफरिन 'आयरिश सरदार' वाटतो, ती पदवीच आयर्लंडची संसद गमावण्याच्या व्यवहारातून आलेली आहे.

आपला डफरिन, म्हणजे फ्रेडरिक, १८२६ साली फ्लॉरेन्सला जन्मला आणि वडिलांच्या अकाली मृत्यूमुळे १८४१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पाचवा बॅरन झाला. त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १८४७ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकाच्या नाशामुळे भीषण दुष्काळ पडला असताना हा विशीतला विद्यार्थी एका मित्राबरोबर ऑक्सफर्डहून निघून थेट दक्षिणेतल्या स्किबरीन गावी गेला. तिथली उपासमार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि परत येऊन तिचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. त्याला माणुसकी होती, हे यावरून दिसते. पण माणुसकी असणे निराळे आणि कुळांना हक्क देणे निराळे. जमिनीच्या प्रश्नावर तो पुढची अनेक वर्षे जमीनदारांची बाजू लेखणीने लढवत राहिला, आणि पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने १८८१ साली आयरिश कुळांना संरक्षण देणारा कायदा आणला तेव्हा स्वतः लिबरल पक्षाचा असूनही तो त्याला मुळीच रुचला नाही. इंग्रजी सत्तेविषयी ज्याच्या मनात राग आहे, असा माणूस कॅनडाचा गव्हर्नर जनरल, सेंट पीटर्सबर्ग व कॉन्स्टँटिनोपलचा राजदूत आणि भारताचा व्हाइसरॉय अशा पायऱ्या एकामागून एक चढत नाही.

आता मुख्य आरोपाकडे येतो.

डफरिन भारतात उतरला तो डिसेंबर १८८४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८७० साली, पुण्यात सार्वजनिक सभा निघाली होती. १८७६ साली कलकत्त्यात इंडियन असोसिएशन आणि १८८४ साली मद्रासेत महाजन सभा स्थापन झाली होती. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी तर डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्याला राष्ट्रीय परिषद भरवून अखिल भारतीय व्यासपीठाचा प्रयोगही करून पाहिला होता. म्हणजे व्हाइसरॉय बोटीतून उतरण्यापूर्वीच पाया घातला गेला होता. काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात ठरले होते, तिथे पटकीची साथ आल्यामुळे ते २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, आणि ७२ प्रतिनिधी आले, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा असते. या सगळ्या माणसांच्या पंधरा वर्षांच्या खटपटीचे श्रेय एका संदेशाने एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरात टाकावे, हे मला सहन होत नाही. आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांची धडपड आपणच दुसऱ्याच्या नावावर चढवत आहोत.

या कथेला आधार मुळीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांनीच १८९८ साली लिहून ठेवले आहे की, ह्यूमच्या मनात केवळ सामाजिक विषयांचे संमेलन होते, त्याला राजकीय वळण द्यायला डफरिनने सुचवले, आणि आपण भारतात असेपर्यंत आपले नाव बाहेर फुटू नये अशी अट घातली. पुढे १९१६ साली लाला लजपतराय यांनीही काँग्रेस ही डफरिनच्या डोक्यातून निघाली असे लिहिले आणि तिला असंतोषाची वाफ बाहेर सोडणारी झडप ठरवले. लालाजींचा हेतू त्या काळच्या मवाळांवर टीका करण्याचा होता, हे ध्यानात घेतले तरी एवढ्या मोठ्या माणसांची साक्ष झटकून टाकता येत नाही. ह्यूम १८८५ च्या उन्हाळ्यात सिमल्याला डफरिनला भेटला होता, हेही खरे आहे.

पण त्या भेटीत काय झाले, याचा त्याच वेळचा पुरावा उपलब्ध आहे, आणि तो तेरा वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा वजनदार मानला पाहिजे. डफरिनचे खासगी कागद १९५० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांना खुले झाले. त्यांत मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे याला १७ मे १८८५ रोजी लिहिलेले पत्र आहे. डफरिन त्यात कळवतो की, ह्यूम आणि त्याचे मित्र प्रतिनिधींचे राजकीय संमेलन भरवणार आहेत, असे ह्यूमने शेवटच्या भेटीत सांगितले. आणि आपल्या समजुतीप्रमाणे ते आयर्लंडमध्ये कॅथलिकांना राजकीय हक्क मिळण्यापूर्वी ओकॉनेलने अवलंबलेल्या धर्तीवर असेल. हे वाक्य नीट वाचावे. संमेलन राजकीय असल्याचे डफरिनने ह्यूमला सांगितलेले नाही, ह्यूमने डफरिनला सांगितले आहे. म्हणजे 'ह्यूमला सामाजिक हवे होते, राजकीय वळण डफरिनने दिले' ही गोष्ट मे महिन्यातच खोटी पडते. शिवाय या प्रकरणापासून दूर राहण्याचा सल्ला डफरिन रे याला देतो. आपणच पेरलेल्या बीपासून आपल्याच गव्हर्नरला कोण दूर ठेवील?

त्यातला ओकॉनेलचा उल्लेख मला सर्वांत बोलका वाटतो. डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक बहुजनांना संघटित करून ब्रिटिश संसदेला झुकवणारा पुढारी होता. डाऊन परगण्यातल्या प्रॉटेस्टंट जमीनदाराच्या मुलाला त्याचे नाव लहानपणापासून कोणत्या स्वरात ऐकावे लागले असेल, याची कल्पना करता येते. मुंबईतल्या वकील-संपादकांची सभा भरणार असे कानावर येताच या माणसाला आपल्या घरच्या आंदोलनाची आठवण झाली. तो आयरिश होता याचा काँग्रेसच्या संदर्भात एवढाच अर्थ निघतो, आणि तो संदेशाच्या नेमका उलट आहे.

पुरावा इथेच संपत नाही. काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचा सातवा ठराव पाहावा. उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश राज्याला जोडण्याबद्दल त्यात नापसंती व्यक्त केली आहे, आणि तो जोडायचाच असेल तर साऱ्या ब्रह्मदेशाला भारताच्या कारभारातून वेगळे काढून सिलोनसारखी वसाहत करावी, असे म्हटले आहे. ब्रह्मदेशाचे युद्ध डफरिनचे होते. त्याच्या फौजा २८ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडालेत शिरल्या, आणि बरोबर एका महिन्याने मुंबईतले अधिवेशन सुरू झाले. व्हाइसरॉयच्या हुकमाने जन्मलेली संस्था पहिल्याच बैठकीत व्हाइसरॉयच्या ताज्या विजयावर नापसंतीचा ठराव करीत नाही. डफरिनने त्याची दखल न घेता १ जानेवारी १८८६ रोजी तो देश खालसा केल्याचे जाहीर केले. तीन वर्षांनी, ३० नोव्हेंबर १८८८ रोजी, कलकत्त्याच्या मेजवानीत याच डफरिनने काँग्रेसला सूक्ष्मदर्शकातून पाहावा लागेल असा अल्पसंख्य वर्ग म्हणून हिणवले. प्रांतिक कायदेमंडळे थोडी रुंद करावीत अशी गुप्त शिफारस त्याने त्याच वर्षी वरिष्ठांकडे केली होती आणि १८९२ च्या कायद्यामागे ती होती, एवढे श्रेय मी त्याला देतो. काँग्रेसच्या जनकत्वाचे देत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. क्लँडबॉय या त्याच्या जहागिरीवर टेकडीच्या माथ्यावर आई हेलनच्या नावाचा मनोरा आहे, हे खरे. नाटककार शेरिडनची ही नात स्वतः कवयित्री होती, आणि मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिने लिहिलेली कविता मनोऱ्याच्या आत कोरलेली आहे. पण तो मनोरा १८६१ साली पुरा झाला, ब्रह्मदेशाचे युद्ध १८८५ चे. लुटीचा पैसा चोवीस वर्षे आधी कसा पोचला? क्लँडबॉयच्या वाड्यात ब्रह्मी वस्तू आहेत आणि त्याच्या नंतरच्या पदवीत 'आवा' हे ब्रह्मदेशाच्या जुन्या राजधानीचे नावही आहे, एवढा खऱ्याचा अंश इथे मान्य करतो. पैशाच्या बाबतीत मात्र तो ऐसपैस राहणारा, सतत ओढग्रस्त जमीनदार होता. हौशी मोठ्या होत्या : १८५६ साली 'फोम' नावाच्या शिडाच्या जहाजातून आइसलँड आणि तिथून स्पिट्सबर्गेनपर्यंत जाऊन त्याने गाजलेले प्रवासवर्णन लिहिले, इजिप्तमध्ये देर अल-बहरी इथे उत्खनन करवले, आणि साठीला आलेला असताना भारतात फार्सी शिकायला बसला. या हौशी आणि घर सुशोभित करण्याचा सोस यांपायी जमिनीचा मोठा भाग त्याला विकावा लागला.

भुताची गोष्ट अशी सांगतात की, आयर्लंडमध्ये रात्री शवपेटी वाहून नेताना दिसलेला माणूस डफरिनला पुढे पॅरिसच्या ग्रँड हॉटेलात लिफ्ट चालवताना दिसला, म्हणून तो आत गेला नाही आणि लिफ्ट कोसळली. डफरिन पॅरिसला राजदूत होता तो १८९० नंतर. त्या हॉटेलातली जीवघेणी लिफ्ट-दुर्घटना १८७८ ची आहे, आणि त्या वर्षी तो कॅनडात गव्हर्नर जनरल होता. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

दवाखान्यांचा मुद्दा खोटा तर आहेच, वर अन्यायाचाही आहे. लेडी हॅरियट डफरिनने व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून १८८५ साली उभारलेल्या निधीचा हेतू स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत हा होता, आणि धर्मप्रचाराला थारा द्यायचा नाही हे त्याचे धोरणच होते. त्यामुळे काही मिशनरी डॉक्टरणी त्यावर नाराज होत्या. परपुरुषाला नाडी दाखवायची नाही म्हणून बाळंतपणात जीव गमावणाऱ्या बायकांचा तो काळ होता. त्या कामाला अड्डा म्हणताना लिहिणाऱ्याने थोडा विचार करायला हवा होता.

भाच्याला मी वहीतली ओळ खोडायला सांगितले आणि थिबा पॅलेसला जाऊन यायलाही सांगितले, कारण तो वाडा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मंडालेतून पकडून आणलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीत आला, चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला, १९१० साली या वाड्यात आला आणि १९१६ साली इथेच वारला. पहिल्या मजल्यावरच्या अर्धगोल, नक्षीदार लाकडी खिडक्यांपाशी भाचा लहानपणी माझ्याबरोबर उभा राहिला आहे. त्या माणसाला तिथे कोणत्या व्हाइसरॉयने पाठवले, हे तेव्हा मी त्याला सांगितले नव्हते. आता त्याने खोडलेल्या ओळीच्या खाली ते लिहिले आहे.