कात्री थेट कमरेतून

राजेहो, पाकिटातून निगेटिव्ह काढली आणि टाळकंच सटकलं. एलईडीवाल्या गरब्याच्या घागऱ्याचा ३६ फोटोंचा रोल. पट्टी उजेडात धरली तर अर्धा घागरा या तुकड्यात, अर्धा पुढच्या. सहा-सहाच्या सहा पट्ट्या म्हणजे पाच काप, आणि पाचही फ्रेमच्या मधोमध! गिरकीचा एकुलता एक बरा फोटो नेमका त्यातलाच. वर लॅबवाल्याचा निरोप, "रोल कोराच वाटला भाऊ." कोरा वाटला तं कापला कशाला बे?

अंधार निगेटिव्हवर कोराच येतो, दोन फ्रेममधली फटही कोरीच, कड दिसत नाही हे मान्य. पण फिल्मच्या काठावर एका फ्रेमला आठ छिद्रं असतात. एक कड सापडली की आठ-आठ मोजत जायचं. आठपर्यंत! पहिलीतली पोरं मोजतात.

स्कॅनचं तर विचारूच नका. मशीन ऑटोवर. त्याला काळं दिसलं की ते उजळवणार, म्हणजे काळ्याचा हिरवट राखाडी चिखल, त्यात ज्वारीएवढे दाणे, आणि दिवे पांढरेफटक.

आणि ते दिवे! रिमोटवर ब्राइटनेस कमी केला की घागरेवाल्या बाईसाहेबांना वाटतं दिवा मंद झाला. मंद कुठला, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतो. डोळ्याला कळत नाही, फिल्मला कळतं. गिरकीत उजेडाची सलग रेघ यायच्या जागी ठिपके, तुटक्या मण्यांच्या माळेसारखे. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर काही दिवे गायबच. म्हणून ब्राइटनेस पूर्ण, रंग एकच, लुकलुक बंद, शटर १/३०. हे सांगितलं की "मग मजा काय?" असं तोंड. त्यात पॉवर बँक बरोबर तिसऱ्या फोटोला मान टाकते.

"फ्लॅश मार ना भाऊ" म्हणणारे काका वेगळेच. पूर्ण फ्लॅश मारला की दिवे मेले, उरला तो नुसता नायलॉनचा घागरा. मारायचाच तर दोन स्टॉप कमी करून, म्हणजे चौथाई जोरावर, शटर १/१५. तेही जुन्या कॅमेऱ्यात फ्लॅश शटर उघडताक्षणी पेटतो, त्यामुळे उजेडाची रेघ माणसाच्या मागे न येता पुढे पळते. मग काका विचारणार, "दाखव बरं कसा आला?" मागे स्क्रीन नाही काका, मागे झाकण आहे.

उजेड मोजणारा मीटरही तसाच भोळा. पेंटॅक्स के१०००सारख्या जुन्या कॅमेऱ्याचा मीटर अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो. मागे अंधार म्हणून १/४ सांगतो, आणि चोळीवरचे दिवे फुगून चेहऱ्यापर्यंत जातात. दिव्यांच्या उजेडातला गाल जवळ जाऊन मोजा, मग मागे या. ८०० आयएसओची फिल्म, लेन्सचं तोंड एफ २, शटर १/३० च्या आसपास येतं. त्याहून सोपं म्हणजे सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं, नागपूरच्या फुटाळा तलावावर. आभाळ निळं असतं, कपड्याची कडही दिसते.

सिनेस्टिल ८००टी नावाची फिल्म वापरून "काय ग्लो आला!" म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. त्या फिल्मचा मागचा काळा थर आधीच काढलेला असतो, म्हणून प्रखर दिव्याभोवती लाल वलय येतं. रस्त्यावरच्या एका दिव्याला शोभतं. घागऱ्यावर दोनशे दिवे असले की बाईला गोवर झालेला दिसतो.

घरीच धुवा म्हणाल, तर सी-४१ ला, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीला, ३८ अंशांचं डेव्हलपर लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून तेवढं फुकट येतं म्हणा.

आता खरं सांगायचं तर या सगळ्यावर एक फुकटचा उपाय आहे. रोलची पहिली फ्रेम दिवसाढवळ्या मारायची. भिंत घ्या, कुत्रं घ्या, काहीही. लॅबवाल्याला कड सापडते. पण एक फ्रेम "वाया" कोण घालवणार? छत्तीसात एक वाचवली आणि पाच घालवल्या. पाकिटावर "कापू नका" हे दोन शब्द लिहायलाही पेन सापडला नव्हता.

पुढचा रोल फ्रिजमध्ये सांबाराच्या जुडीशेजारी पडलाय. कॅमेऱ्यात अजून गेला नाही, पण पाकिटावर लाल स्केचपेननं दोन्ही बाजूंनी लिहून तयार आहे.