‘पुस्तकी सल्ला’ या प्रतिक्रियेस उत्तर

टाइल लावण्याआधी वाकडी भिंत प्लास्टरने सरळ करून घ्यावी, तीन मिलिमीटरहून अधिक फरक राहू देऊ नये, असे बाथरूमच्या वाकड्या भिंतींवरील लेखात मी लिहिले होते. त्याखाली आपण लिहिले आहे की हा पुस्तकी सल्ला आहे. चांगला कारागीर टाइलमागचा माल, म्हणजे ती चिकटवायचे मिश्रण, कमी-जास्त करून टाइल ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, बसवतो, आधी वेगळे प्लास्टर करण्यात वेळ आणि पैसा वाया जातो, आणि तीन मिलिमीटर म्हणता ते किती लांबीत? मतभेदाचे मला वावडे नाही. पण ‘पुस्तकी’ या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हे कशासाठी होती, हे काही कळले नाही.

शेवटचा प्रश्न रास्त आहे. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला टेकवल्यावर तिच्यामागे तीन मिलिमीटरहून अधिक फट राहू नये, असे मला म्हणायचे होते. पट्टीची लांबी लिहायची राहून गेली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘पुस्तकी’विषयी. माझे वडील गवंडी होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्यासाठी ओळंब्याची दोरी धरून उभा राहत असे आणि दोरी हलली की बोलणी खात असे. भिंतीवर तळवा फिरवून फुगवटा ओळखायला मी तिथे शिकलो. आपण स्वतः कधी थापी हातात धरली आहे काय, हे मी विचारणार नाही.

आपण ज्याचे समर्थन करता, ते माझ्याच घरी घडले आहे. भिंत मध्यभागी जवळजवळ वीस मिलिमीटर आत गेलेली होती. कारागीर म्हणाला, “मागे माल भरून घेतो,” आणि घाईत असल्यामुळे मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी नळाशेजारच्या टाइलवर बोटाने ठोकले, तर पोकळ आवाज आला. टाइल काढायला घेतली, तेव्हा ती अखंड हातात आली. पाठीवर मालाचे पाच गोळे होते, कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकीची पाठ कोरी होती, आणि मागच्या पोकळीत सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याने भिंत काळी पडली होती. आजचे टाइल अ‍ॅडेसिव्ह साधारण तीन ते सहा मिलिमीटरच्या थरासाठी असते. त्याने खड्डे भरले तर जाड थर वाळताना आकसतो आणि टाइलला ओढतो. जुने कारागीर सिमेंट-वाळूच्या जाड मालात टाइल बसवत, हे मलाही ठाऊक आहे, पण ते टाइलची पाठ पूर्ण भरत असत, गोळे लावून मोकळे होत नसत.

म्हणून सुटलेले प्लास्टर पाडावे, गुळगुळीत भागाला टाचे मारावेत, म्हणजे छिन्नीने खाचा पाडाव्यात, पंधरा मिलिमीटरहून जास्त भरायचे असल्यास दोन थर द्यावेत आणि पहिला ओला असतानाच खरवडून ठेवावा. वरचा थर घोटून गुळगुळीत करू नये. किमान सात दिवस पाणी मारावे, नंतर भिंत वाळू द्यावी, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावरच टाइलला हात घालावा. वेळ आणि पैसा हे ज्याचे त्याने पाहावे. त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

आपल्या घरी वीस वर्षांत एकही टाइल सुटली नाही, असेही आपण लिहिले आहे. आनंद वाटला. शॉवरखालच्या टाइलांवर एकदा नाण्याने ठोकून पाहा आणि आवाज कसा येतो, तेवढे कळवा; या वेळी उद्गारचिन्हे नसली तरी चालतील.